डाव्या पिळाची बाहुली

रोसांदा लग्न होऊन आमच्या गावात आली ती सप्टेंबरच्या अखेरीस, ऐन मिरच्यांच्या दिवसांत. दुसऱ्याच दिवशी सासूने तिच्या हातात दाभण आणि सुतळी दिली आणि लाल मिरच्यांच्या ढिगापुढे बसवलं. संध्याकाळपर्यंत तिने घराची दर्शनी भिंत झाकेल एवढ्या माळा ओवल्या. सासू शेजारणीला म्हणाली, "बोलत नाही फारशी, पण हाताला थांबणं माहीत नाही." ती शेजारीण म्हणजे माझी सासू. मी त्या घरात तीन वर्षांनी आले. तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं रोसांदा आणि मी एका कुंपणाच्या दोन बाजूंना राहिलो.

आमच्या मोरावा नदीकाठच्या गावांत बाईची पारख तळघरावरून होते. ऑक्टोबर संपायच्या आत कोबीचं पिंप भरलेलं हवं, काकडी-फ्लॉवरचं लोणचं मुरत पडलेलं हवं, आलुबुखाराचा मुरांबा, टोमॅटोच्या बाटल्या, आढ्याला कांद्या-लसणाच्या वेण्या. आणि या सगळ्याच्या वर आयवार. लाल जाड मिरच्या पत्र्याच्या चुलीवर काळ्या होईस्तोवर भाजायच्या, झाकून ठेवून सोलायच्या, फडक्यात टांगून पाणी काढायचं, वाटायच्या, आणि मग तेलात घालून चार-पाच तास हलवत राहायचं. हात थांबला की तळाला लागलंच. एकटीने उरकायचं काम नाही ते. म्हणून आम्ही चौघी एकत्र करायचो, चौघींच्या घरचं, आळीपाळीने नव्हे तर सगळं रोसांदाच्याच अंगणात. तिथे अक्रोडाचं झाड होतं, त्याखाली लांब टेबल होतं, आणि तिच्या चुलीला वारा बरोबर लागायचा.

चौघी म्हणजे रोसांदा, मी, समोरच्या घरची स्तामेंका आणि शाळेतली विदोसावा बाई. स्तामेंकाच्या जिभेला हाड नव्हतं. विदोसावा शिकलेली, चांगले कपडे घालणारी, मिरच्या सोलताना हातमोजे घालायची. त्यावरून दर वर्षी तिची थट्टा व्हायची.

"विदोसावा, मिरची चावत नाही गं, सोल उघड्या हाताने," स्तामेंका म्हणायची.

"उद्या मला खडू धरायचा असतो," विदोसावा म्हणायची. "तुला काय, तुला कोंबड्यांना दाणेच टाकायचेत."

"माझ्या कोंबड्या तुझ्या पोरांपेक्षा लवकर शिकतात."

मका खुडून झाला की मिरच्यांच्या दिवसांतच एखाद-दुसरी दुपार बाहुल्यांची असायची. कणसाची वरची खरबरीत पानं गुरांना, आतली पातळ, पिवळट पानं आमच्यासाठी. ती कोमट पाण्यात भिजवायची, थोडी कांद्याच्या सालांत नाहीतर अक्रोडाच्या हिरव्या सालीत रंगवायची, आणि मग दुमडून, पीळ देऊन, दोऱ्याने बांधून बाहुल्या करायच्या. नवरी, पाणी आणणारी, कडेवर पोर घेतलेली. त्या घराघरांत वाटल्या जायच्या, शाळेत जायच्या, चर्चच्या जत्रेला टेबलावर मांडल्या जायच्या. स्तामेंकाच्या बाहुल्या नेहमी जाड व्हायच्या. माझ्या बऱ्या व्हायच्या. रोसांदाच्या बाहुल्या मात्र बोलायला लागतील अशा असायच्या, चेहरा न काढताही.

त्यातली एक बाहुली ती टेबलावर बसून करायची नाही.

रोसांदाला एकच मुलगी, झिव्का. जन्मतःच तिच्या मांडीचं हाड खुब्यातून सरकलेलं होतं. ते कळलं ती चालायला लागल्यावर. नीश शहरातल्या डॉक्टरने सांगितलं की उशीर झालाय. एक पाय आखूड राहिला. झिव्का सात वर्षांची असताना शाळेच्या वाटेवर पोरं तिच्या मागून तिच्यासारखी चालायला लागली, एकामागे एक, रांग लावून. एक दिवस ती घरी आली, दप्तर अक्रोडाखाली टाकलं आणि म्हणाली की उद्यापासून जाणार नाही. रोसांदा तेव्हा कणसं सोलत होती. तिने लेकीची समजूत काढली नाही. समजूत काढणं तिला जमायचंच नाही. तिने समोरची पानं घेतली आणि बाहुली करायला बसली.

ती बाहुली एका बाजूला कललेली होती. एका बाजूचा घागरा आखूड. पहिल्यांदा उभी केली तर पडली. रोसांदाने सोडली, परत बांधली. परत पडली. दिवेलागणीपर्यंत तिने ती किती वेळा सोडली-बांधली त्याला गणती नव्हती. शेवटी तिला सापडलं: घागऱ्याच्या आत, गुडघ्याच्या जागी, तीन पानांना एकत्र पीळ देऊन एक गाठ मारली की वजन दुसऱ्या बाजूला जातं आणि बाहुली कललेलीच, पण घट्ट उभी राहते.

"ढकल तिला," रोसांदा लेकीला म्हणाली.

झिव्काने बोटाने ढकललं. बाहुली डुलली आणि परत उभी राहिली.

"अजून जोरात."

बाहुली पडली नाही. झिव्का दुसऱ्या दिवशी शाळेत गेली.

त्यानंतर दर शरदात रोसांदा एक अशी बाहुली करायची, लेकीच्या वयाच्या मानाने थोडी थोडी उंच. झिव्का एकोणीस वर्षांची झाली तेव्हा खिडकीत बारा बाहुल्या होत्या. शिवणकाम शिकायला ती क्रागुयेवात्स शहरात गेली तेव्हा बाराही वर्तमानपत्रात गुंडाळून बरोबर नेल्या. तिथेच कामाला लागली, तिथेच लग्न केलं. तरीही दर वर्षी एक बाहुली बरण्यांबरोबर तिला जायची. आम्हाला तिघींना हे ठाऊक होतं. कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. स्तामेंकासुद्धा नाही.

ती गाठ मला कशी आली ते सांगते. रोसांदाचा नवरा तिहोमिर गेला त्या वर्षी तिच्या बोटांचे सांधे सुजले होते. बाहुली पुरी होईना. ती कुंपणाशी आली आणि म्हणाली, "यागोदा, जरा येतेस? मी सांगते तशी बांध." मी डावखुरी. ती दाखवायची, मी उलट्या हाताने करायची, चुकायचं, ती हसायची. नवरा गेल्यानंतर त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली होती. गाठ जमली. मी निघताना ती म्हणाली, "हे आपल्या दोघींत हं."

"म्हणजे काय," मी म्हणाले.

पुढे बऱ्याच वर्षांनी, मीही विधवा झाल्यावर, रोसांदाचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि ती तीन आठवडे दवाखान्यात होती. नेमका ऑक्टोबर. आम्ही तिघी त्या वर्षी विदोसावाच्या घरी जमलो. विदोसावा शाळेतून निवृत्त झाली होती आणि रिकामपणाने तिला ग्रासलं होतं. तालुक्याच्या गावी हस्तकलेची मोठी जत्रा भरणार होती, तिथे तिला टेबल मिळालं होतं.

"नवऱ्या आणि पाणी आणणाऱ्या सगळेच मांडतात," ती म्हणाली. "आपल्याकडे काहीतरी वेगळं हवं. ती रोसांदाची कललेली. यागोदा, तुला येते ना?"

मी पुढ्यातली पानं सारखी करू लागले.

"येते हिला," स्तामेंका म्हणाली. "तोंड बघ हिचं."

मला आजही तो क्षण आठवतो, कारण त्यात जबरदस्ती काहीच नव्हती. जन्मभर मी बऱ्या बाहुल्या करणारी होते. चौघींत तिसरी. त्या दुपारी त्या दोघी माझ्या हातांकडे बघत होत्या आणि मला ते आवडलं. मी पानं घेतली, पीळ दिला, गाठ मारली आणि बाहुली टेबलावर ठेवली. विदोसावाने बोटाने ढकलली. बाहुली उभी राहिली. "कमाल आहे तुझी," विदोसावा म्हणाली. मी तिला तीन वेळा करून दाखवली. चौथी तिने स्वतः केली.

रोसांदा घरी आली तेव्हा मी तिला सूप नेऊन दिलं, तिची कोंबडी-कुत्री बघितली, आणि हे सांगितलं नाही. पुढच्या वर्षी सांगू असं मनाशी म्हणाले. पुढच्या वर्षी विदोसावाचा भाचा कॅमेरा घेऊन आला आणि रोसांदाच्या अंगणात, मिरच्यांच्या माळांखाली, आम्हा चौघींचा फोटो काढला. रोसांदाला वाटलं घरचा फोटो. ती फोटोत चक्क हसली आहे.

त्या पहिल्या जत्रेतच विदोसावाला बक्षीस मिळालं होतं. परीक्षक म्हणाले की या बाहुलीतला तोल म्हणजे आपल्या जुन्या सुगीच्या नाचाची खूण आहे. विदोसावाने मान हलवली. मग ठिकठिकाणहून बोलावणी आली. शाळांमधून, म्हाताऱ्यांच्या मंडळांतून, एकदा बेलग्रेडहूनसुद्धा. ती मला बरोबर न्यायची. माझ्यासारख्या बाईला, जी नीशच्या पलीकडे गेली नव्हती, तिला हॉटेलात राहायला मिळालं, सकाळी कुणीतरी कॉफी आणून द्यायचं. लोक म्हणायचे, "यागोदा बाई, परत एकदा दाखवा ना." मी दाखवायची. रोसांदाला मी सांगितलं होतं की विदोसावाला सामान उचलायला मदत लागते म्हणून जाते.

दुसऱ्या वर्षीच्या जत्रेला रोसांदा स्वतः आली होती. आम्हाला माहीत नव्हतं. लेस्कोवात्सला डोळे तपासायला गेली होती, परतताना तालुक्याच्या गावी बसमधून उतरली. मी चहा आणायला गेले होते. परत आले तर ती आमच्या टेबलासमोर उभी. तिच्या हातात एक बाहुली होती, उलटी धरलेली, घागरा वर, आतली गाठ दिसेल अशी. ती बराच वेळ बघत होती. मग तिने बाहुली सरळ केली, जागेवर ठेवली, माझ्याकडे बघून म्हणाली, "थंडी वाढलीये, अंगावर घे काहीतरी," आणि गेली.

मला वाटलं, तिने फक्त बाहुली बघितली. वाईट वाटलं असेल, पण विसरेल. त्या वर्षी तिने नेहमीसारख्या मिरच्या भाजल्या, आम्ही नेहमीसारख्या गेलो. विदोसावाने एकदा विषय काढला, "रोसांदा, तुझी बाहुली किती नावाजली बघ." रोसांदा म्हणाली, "चूल बघ, विझतेय."

खरं संकट शाळेच्या कागदातून आलं.

विदोसावाने शाळांसाठी एक कागद छापून घेतला होता. वरच्या बाजूला आमच्या चौघींचा तो फोटो, खाली बाहुली कशी करायची त्याची चित्रं, आणि एक गोष्ट. गोष्ट अशी की मोरावाकाठच्या एका गावात एक लंगडी मुलगी होती, तिच्याशी कुणी लग्न करेना, म्हणून ती सुगीच्या रात्री एकटीच नाचायची, आणि तिच्या आईने तिची बाहुली केली. कागदावर मथळा होता: लंगडी. विदोसावाने ते वाईट मनाने केलं नव्हतं. तिला गोष्ट हवी होती. शिक्षक माणूस, गोष्टीशिवाय शिकवता येत नाही.

तो कागद क्रागुयेवात्सच्या शाळेत गेला. झिव्काची मुलगी तिसरीत होती. तिने वर्गात बाहुली केली, घरी आणली, आणि कागदावरच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं, "आई, ही आजी ना?"

झिव्का दोन दिवसांनी आली. शनिवार होता, सकाळी अकराचा सुमार. आम्ही चौघीही अंगणात होतो, चुलीवर मिरच्या तडतडत होत्या, सगळीकडे धूर. ती फाटकातून आत आली, आपल्या नेहमीच्या चालीने, पण सरळ, कुणाकडे न बघता. तिने कागद टेबलावर ठेवला. त्यावर मिरचीचं पाणी लागलं.

"हे काय आहे?"

रोसांदाने हात पुसले. कागद वाचला. तो तिने तेव्हा पहिल्यांदा बघितला होता, हे मला तिच्या ओठांवरून कळलं. ती सावकाश वाचायची, प्रत्येक शब्दाला ओठ हलवत.

"तू हसतेयस फोटोत," झिव्का म्हणाली.

विदोसावा उठली. "झिव्का, बाळा, बस तर खरी. अगं हे सगळं कौतुकाने केलंय. मुलं इतक्या आवडीने करतात, तुला सांगते—"

"बाई, तुमच्याशी मी बोलत नाहीये. तुम्ही शाळेत असताना माझ्यामागे रांग लागायची, तेव्हाही तुम्ही खिडकीतून बघत होता." मग ती आईकडे वळली. "ती गाठ तुझ्याशिवाय कुणाला येत नव्हती. मी बाराही बाहुल्या उलट्या करून बघितल्यात, मला नाही जमली. मग या बाईंना कशी आली?"

रोसांदाने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

किती वेळ ते मला सांगता येणार नाही. चुलीवरच्या मिरच्या एका बाजूने जळून गेल्या, एवढं खरं. मला वाटलं ती माझ्याकडे मदत मागतेय. मी स्तामेंकाकडे बघितलं. स्तामेंका खाली बघून साल काढत होती, जी आधीच काढलेली होती. मीही एक मिरची उचलली.

रोसांदा लेकीला म्हणाली, "मीच शिकवली."

झिव्का वळली. तिने कागद उचलला नाही. फाटकाशी जाऊन एकदा थांबली, आम्हाला वाटलं परत येईल. पण ती फाटकाची कडी लावायला थांबली होती. लहानपणापासून तिला सवय होती, कोंबड्या बाहेर जाऊ नयेत म्हणून.

त्या दिवशीच्या मिरच्या आम्ही संपवल्या. ते मला सगळ्यात चमत्कारिक वाटतं. भाजल्या, सोलल्या, टांगल्या. पाच वाजता रोसांदा म्हणाली, "तुमच्या तुमच्या वाटणीच्या घेऊन जा. पुढच्या वर्षी ज्याचं त्याने करायचं."

झिव्का पुन्हा आली नाही. सणाला नाही, घराण्याच्या संताच्या दिवशी नाही. रोसांदाने एकदा बसने बरण्या पाठवल्या, त्या परत आल्या. नातीला पाठवलेलं वाढदिवसाचं कार्ड परत आलं नाही, पण उत्तरही आलं नाही. रोसांदा कुणाजवळ बोलली नाही. ती पहिल्यासारखीच दळण आणायची, चर्चला जायची, कुंपणावरून मला नमस्कार करायची. फक्त बाहुल्या बंद झाल्या. मक्याची सगळी पानं, आतली पिवळीसुद्धा, ती गुरांना टाकायची.

आणि आयवार ती एकटीच करायची. मी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. भाजायला एक दिवस, सोलायला दोन दिवस, आणि मग पातेल्यासमोर स्टूल घेऊन बसायची, दोन्ही हातांनी उलथणं धरून. सत्तरीची बाई. मध्येच हात बदलायची, पण थांबायची नाही. एकदा मी कुंपणाशी जाऊन म्हणाले, "येऊ का हलवायला?"

"नको," ती म्हणाली. "थोडंच आहे."

थोडं नव्हतं.

विदोसावाबरोबर मी आणखी चार वर्षं फिरले. ते लपवून काय करू. मग विदोसावाला अर्धांग झालं, फिरणं बंद पडलं, आणि माझे दिवस रिकामे झाले. रिकाम्या दिवसांत माणसाला जे आठवायचं ते आठवतंच. झिव्का कडी लावून गेली त्याला सहा वर्षं झाली होती तेव्हा एका सकाळी मी रोसांदाकडे गेले. ती लसणाची वेणी घालत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. दवाखान्यातले तीन आठवडे, विदोसावाचं टेबल, हॉटेलं, कॉफी. सांगताना मी रडले. ती वेणी घालत राहिली.

माझं झाल्यावर ती म्हणाली, "माहितीये मला."

"कधीपासून?"

"जत्रेपासून. बाहुली उलटी करून बघितली ना मी. कुणी माझी बाहुली उसवून शिकलं असतं तर पीळ माझ्यासारखा असता; हा डावीकडे होता. विदोसावा उजव्या हाताची, मी उजव्या हाताची. तिला शिकवणारं माणूस डावखुरं होतं. गावात डावखुरी तू एकटी."

मी एक लसूण उचलला, परत ठेवला. शेवटी मी म्हणाले, "मग झिव्का आली तेव्हा माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुझ्याकडे बघितलं ना मी."

"मला वाटलं—"

"तुला काय वाटलं ते तुझं तू बघ. मी म्हटलं, हिनेच बोलावं. मी नाव घेतलं असतं तर तू माझी वैरीण झाली असतीस आणि लेकीला वाटलं असतं आई दुसऱ्यावर ढकलतेय. तू स्वतः बोलली असतीस तर लेक राहिली असती, आणि शेजारही राहिला असता. एक वाक्य होतं, यागोदा." तिने वेणीचं टोक बांधलं, दातांनी दोरा तोडला. "आणि खोटं नाही बोलले मी. शिकवली होती मीच. तुला शिकवली होती."

"मी जाते झिव्काकडे. आजच जाते."

"जा. पण माझ्यासाठी जाते असं नको सांगूस तिला."

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने क्रागुयेवात्सला गेले. झिव्का शिवणाच्या दुकानातच राहते, मागे दोन खोल्या. तिने मला बसायला सांगितलं, कॉफी केली, आणि मी बोलत असताना एका कोटाची उसवण काढत राहिली. आईसारखीच. मी संपवलं.

"मावशी, तुम्हाला आता हलकं वाटत असेल," ती म्हणाली.

"तसं नाही गं."

"तसंच आहे. वाटू दे, माझी हरकत नाही. पण माझा हिशेब सांगू? सहा वर्षांपूर्वी मला आई वाईट निघाली. कसंबसं ते पचवलं. आता तुम्ही सांगताय की ती वाईट नव्हती, फक्त तिला तुमच्याकडून एक वाक्य हवं होतं, आणि त्याच्यासाठी तिने मला जाऊ दिलं. हे कसं पचवू ते सांगा."

मी म्हणाले, "ती हट्टी आहे. तुला माहितीये."

"मीही तिचीच आहे," झिव्का म्हणाली.

ती नोव्हेंबरात मृतांच्या शनिवारी आली, आपल्या मुलीला घेऊन. बापाच्या थडग्यावर मेणबत्ती लावली, मग घरी थांबली दोन तास. मी कुंपणापाशी कामं काढून काढून उभी होते. आतून आवाज येत नव्हते. नात बाहेर येऊन अक्रोडं वेचत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं की त्या घरात किती बोलू नये, म्हणून तीच तेवढी बोलत होती. जाताना रोसांदाने दोन बरण्या दिल्या. झिव्काने घेतल्या. दोघींनी एकमेकींना तीन वेळा गालाला गाल लावला, परक्या माणसाशी लावतात तसा. त्यानंतर झिव्का वर्षातून दोनदा यायची, मृतांच्या शनिवारी आणि घराण्याच्या संताच्या दिवशी, तेवढ्याच वेळासाठी. भांडण मिटलं होतं. बाकी काही परत आलं नाही.

रोसांदा दोन वर्षांनी मार्चमध्ये गेली. सकाळी चुलीत लाकूड घालताना बसल्या जागी. मलाच सापडली.

चाळीस दिवसांचा विधी झाल्यावर झिव्का घर आवरायला आली. तिने मला हाक मारली, तळघरातून. मी खाली गेले. एका भिंतीला नेहमीची बेगमी होती, अर्धी संपलेली. समोरच्या भिंतीला वेगळं फडताळ, त्यावर पडदा. पडद्यामागे आयवारच्या बरण्या, सहा रांगा. प्रत्येक झाकणावर कागद चिकटवलेला, त्यावर वर्ष आणि रोसांदाच्या सावकाश अक्षरांत एकच शब्द: झिव्का. ज्या सहा वर्षांत ती आली नव्हती, त्यांतल्या एकाही वर्षाचा खंड नव्हता.

"हे खाता येईल?" झिव्काने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "दोन वर्षांच्या वर नाही ठेवत. यांतल्या सगळ्यात नव्यालाही त्याहून जास्त झालीत."

"बरं."

आम्ही त्या बरण्या वर आणल्या. मागच्या बाजूला खड्डा खणला. ती झाकण उघडायची, मी चमच्याने काढायची. काहींना वर बुरशी आली होती, बऱ्याच चांगल्या दिसत होत्या, नुसत्या काळपट झालेल्या. वास तसाच होता, भाजलेल्या मिरचीचा, तिखटगोड. एका बरणीत झिव्काने बोट घातलं, चाटलं, आणि बरणी खड्ड्यात पालथी केली. दुपारभर तेच चाललं. संपल्यावर मी रिकाम्या बरण्या धुऊन देऊ का विचारलं. ती म्हणाली, तुम्हीच ठेवा, माझ्याकडे जागा नाही.

घर तिने नीशच्या एका जोडप्याला विकलं. चांगली माणसं आहेत, उन्हाळ्यात येतात. त्यांनी अक्रोडाखाली झोपाळा बांधलाय. विदोसावा मागच्या वर्षी गेली. गावच्या शाळेत अजून ऑक्टोबरात मुलांना कललेली बाहुली शिकवतात. नवी शिक्षिका एकदा माझ्याकडे आली होती, गाठ नीट बसत नाही, दाखवाल का म्हणून. मी म्हणाले, माझ्या हातांना आता येत नाही. ती म्हणाली, मग गोष्ट तरी सांगा मुलांना, त्या मुलीची.

मी तिला सांगितलं की ती मुलगी क्रागुयेवात्सला शिवणकाम करते, तिला विचारून या.

गेली नाही ती. मीही परत विचारलं नाही.